पोटरीतली गुठळी आणि घरी परतल्यानंतरचे आठवडे

दोन्ही पायांना सूज आली की घरातील माणसे काळजीत पडतात आणि डॉक्टरांची वेळ घेतात, पण एकाच पायाला सूज आली तर पाय मुरगळला असेल, शीर आखडली असेल किंवा वाताने पाय धरला असेल, असे म्हणून तेल कोमट करायला ठेवतात. ठाण्यात घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट या नात्याने हा क्रम उलटा व्हावा, असे मला फार वाटते. दोन्ही पायांची सूज हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची एखादी गोळी यांमुळे येऊ शकते आणि तिचाही शोध घ्यावा लागतोच. मात्र दम लागत नसेल, तर त्यासाठी सहसा थोडी सवड मिळते. एकाच पोटरीला अचानक आलेली, दुखणारी आणि हाताला गरम लागणारी सूज त्याच दिवशी तपासायला हवी, कारण त्या पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

माझे बहुतेक रुग्ण हाड मोडल्यानंतर, गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर, किंवा एखाद्या मोठ्या आजारातून उठून घरी आलेले असतात. रुग्णालयात असताना परिचारिका पायांवरून हात फिरवून जाते, पोटात इंजेक्शन देते, सकाळ-संध्याकाळ उठवून चालवते. पूर्वीच्या मानाने रुग्णाला आता फार लवकर घरी सोडतात, आणि घरी आल्यावर सगळे जण सुटकेचा श्वास सोडतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या गुठळ्यांपैकी बऱ्याचशा मात्र घरी परतल्यानंतरच्या आठवड्यांत होतात. त्या काळात रुग्णाकडे पाहणारे डोळे घरच्यांचे असतात, म्हणून हे लिखाण मी घरच्यांसाठी करते आहे.

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांमधून पायांपर्यंत जोराने येते, पण परतीच्या वाटेवर, म्हणजे शिरांमध्ये, तो जोर जवळजवळ संपलेला असतो. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंतचे मीटरभराहून अधिक अंतर या रक्ताला वरच्या दिशेने चढायचे असते आणि ते काम प्रामुख्याने पोटरी करते. पोटरीत वरच्या थरात गॅस्ट्रोक्नेमिअस आणि त्याखाली सोलिअस असे दोन मोठे स्नायू असतात. सोलिअसच्या आत रक्त साठवणाऱ्या रुंद, पातळ भिंतींच्या शिरा असतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा हे स्नायू आवळले जाऊन आतले रक्त वर ढकलले जाते, आणि पाऊल सैल पडले की शिरांमधील झडपा मिटून ते रक्त खाली येऊ देत नाहीत. माणूस पडून राहिला, किंवा पाय खाली सोडून तासन्‌तास बसून राहिला, की ही सगळी यंत्रणा थंडावते.

गुठळीची सुरुवात बहुधा याच झडपांपाशी होते. झडपेच्या पातळ पडद्यामागे एक लहानसा खिसा असतो. चालत्या माणसाच्या शिरेत प्रत्येक पावलागणिक हा खिसा रिकामा होतो आणि ताजे रक्त आत येते. हालचाल थांबली की त्या खिशातले रक्त तिथल्या तिथे संथपणे घुमत राहते, त्यातला प्राणवायू कमी होत जातो, आणि शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशी, ज्या एरवी रक्त गोठू नये म्हणून झटत असतात, त्याच रक्त गोठवणाऱ्या घटकांना आमंत्रण देऊ लागतात. तिथे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात, त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात, आणि ही लालसर, लिबलिबीत गुठळी रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने लांब होत जाते. तिचे एक टोक शिरेच्या भिंतीला धरून असते आणि दुसरे प्रवाहात मोकळे तरंगत असते. हे मोकळे टोकच तुटून पुढे जाण्याची भीती असते.

रक्त गोठणे हा मुळात शरीराने आपल्यावर केलेला उपकार आहे, हे विसरून चालणार नाही. विळीवर बोट कापले तरी काही मिनिटांत रक्त थांबते, ते या व्यवस्थेमुळेच. यकृतात तयार होणारी अनेक प्रथिने एकापाठोपाठ एक जागी होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते, आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणाऱ्या फायब्रिनमध्ये रूपांतर करते. ही साखळी बेफाम होऊ नये म्हणून अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस हे घटक तिला आवर घालत असतात, आणि काम संपल्यावर प्लाझ्मिन नावाचे द्रव्य जाळे विरघळवून टाकते. एखाद्या कुटुंबात आवर घालणारा एखादा घटक जन्मतःच कमी असला, तर पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात गुठळ्या झालेल्या आढळतात. म्हणून डॉक्टर जेव्हा मावशीला, काकांना किंवा भावाला असे काही झाले होते का, असे विचारतात, तेव्हा ते औपचारिकता म्हणून विचारत नसतात.

इथेच एका प्रश्नाचे उत्तर देऊन टाकते, कारण तो मला वारंवार विचारला जातो. ‘आई हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेते, मग तिच्या पायात गुठळी कशी झाली?’ हृदयाच्या रोहिणीतील गुठळी वेगाने वाहणाऱ्या रक्तात तयार होते आणि तिच्यात बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, अधिक असतात. शिरेतील गुठळी संथ रक्तात तयार होते आणि तिच्यात फायब्रिन व तांबड्या पेशी अधिक असतात. ॲस्पिरिनचे काम प्रामुख्याने प्लेटलेटवर चालते, त्यामुळे शिरेतील गुठळीविरुद्ध त्याचे संरक्षण तोकडे पडते. रोजची ॲस्पिरिनची गोळी चालू आहे म्हणून सुजलेल्या पोटरीकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

फुप्फुसाच्या रोहिणीत सापडणारी गुठळी तिथे तयार न होता पायाकडच्या शिरांतून वाहत आलेली असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्लिनमध्ये काम करणाऱ्या रूडोल्फ फिर्खो या वैद्याने दाखवून दिले. रक्ताचा मंदावलेला प्रवाह, शिरेच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ, ही गुठळीची तीन कारणे आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात. १३ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस २०१४ सालापासून जागतिक थ्रॉम्बोसिस (रक्ताची गुठळी होणे) दिन म्हणून पाळला जातो. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकत्र येतात: शस्त्रक्रियेच्या वेळी मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखलेला असतो, हाडाभोवतीच्या शिरांना धक्का बसतो, आणि जखम भरून काढण्यासाठी शरीर गोठवणारे घटक वाढवते. त्यावर घरी आल्यानंतर माणूस अंथरुणाला खिळून राहिला तर प्रवाह आणखी मंदावतो. अशा शस्त्रक्रियांनंतर गुठळीप्रतिबंधक गोळ्या गुडघ्यासाठी साधारण दोन आठवडे आणि खुब्यासाठी साधारण पाच आठवडे दिल्या जातात, त्या याच कारणाने. जखम बरी दिसते, दुखत नाही, मग कशाला आणखी गोळ्या, असा विचार करून त्या मध्येच थांबवणारी अनेक घरे मी पाहिली आहेत.

नौपाड्यातील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एका आजींच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी मी जात असे. रुग्णालयातून आल्यापासून त्यांनी पलंग फारसा सोडला नव्हता, कारण पहिल्या पावलाला कळ येत असे आणि सुनेला सासूबाईंचे हाल पाहवत नसत. एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘ताई, पोटरीत गोळा आलाय, रात्रभर दुखतंय, जरा चोळून द्या.’ पोटरीत गोळा येणे ही आपल्याकडे इतकी सर्वसाधारण तक्रार आहे की कोणाचाही हात आपोआप तेलाच्या वाटीकडे जाईल. पण स्नायूचा गोळा काही मिनिटांत सुटतो, तो रात्रभर टिकत नाही. मी दोन्ही पायांवरची चादर बाजूला केली. शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या पोटरीची कातडी ताणलेली आणि चकचकीत दिसत होती, घोट्याजवळचे हाड दिसेनासे झाले होते, आणि नडगीवर अंगठा दाबून धरल्यावर पडलेला खळगा भरून यायला वेळ लागत होता. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना पेनाने खूण करून मी शिवणाची टेप गुंडाळली. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर तो गुठळीच्या संशयाच्या बाजूने मोजला जातो, आणि इथे त्याहून अधिक होता. त्या दिवशी व्यायाम झाला नाही, मालीश झाली नाही. त्यांच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला, आणि दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून खाली नेले. त्याच दुपारी झालेल्या डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेपर्यंत गेलेली गुठळी दिसली. शस्त्रक्रियेनंतर गुडघा थोडा सुजतोच, त्यामुळे दोन पायांच्या मापात फरक असणे अपेक्षित असते, हे मान्य करूनही मी म्हणेन की रोज एकाच ठिकाणी माप घेतले आणि ते एकाएकी वाढलेले दिसले, तर वाट पाहू नये.

पाऊल वरच्या दिशेने ओढून पोटरी दुखते का, ते पाहण्याची एक जुनी चाचणी घरोघरी आणि चित्रफितींमधून सांगितली जाते. तिच्यावर भरवसा ठेवू नका. गुठळी असूनही ती चाचणी नकारार्थी येते आणि गुठळी नसताना होकारार्थी येते. कित्येकदा तर पायाला काहीच लक्षण नसते आणि पहिली खूण थेट छातीत दिसते.

बाळंतपणाबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे. गरोदरपणात स्त्रीच्या रक्ताची गोठण्याची क्षमता वाढते, जेणेकरून प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात राहावा. वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर दाब देते. डाव्या पायाची मोठी शीर उजव्या बाजूच्या रोहिणीखालून जात असल्याने आधीच थोडी दबलेली असते, म्हणून गरोदर स्त्रियांमध्ये गुठळी डाव्या पायात अधिक आढळते. सर्वांत जास्त धोका असतो तो प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, आणि सिझेरियन झाले असेल तर तो आणखी वाढतो. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने बाजेवर राहायचे, ही रीत ज्या प्रेमापोटी पाळली जाते त्याचा मला आदर आहे; विश्रांती, गरम जेवण, डिंकाचे लाडू, आईच्या हातची शेक-शेगडी यांतून त्या मुलीला जो आधार मिळतो तो कुठल्याही गोळीत नाही. मात्र पोट सुटेल म्हणून पाणी मोजून देणे आणि बाजेवरून उठूच न देणे, या दोन गोष्टी आता सोडून द्यायला हव्यात. पाणी कमी पडून रक्त दाट होते, अंगात रक्त कमी असेल तर भर पडते, आणि गुठळी पायातच होईल असेही नाही. बाळंतिणींच्या मेंदूतील शिरांमध्ये होणाऱ्या गुठळीचा अभ्यास भारतीय मेंदूतज्ज्ञांनी, विशेषतः बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत, अनेक वर्षे केला आहे. बाळंतिणीचे डोके असह्य दुखू लागले, फिट आली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर बाहेरची बाधा, दृष्ट किंवा अशक्तपणा म्हणून बसून राहण्यात जाणारा प्रत्येक तास महागात पडतो. बाळंतिणीची मालीश करणाऱ्या बायकांनाही घरच्यांनी एवढे सांगून ठेवावे की एकच पोटरी सुजलेली किंवा दुखरी असेल तर तिला हात लावायचा नाही. चोळल्यामुळे गुठळी सुटून फुप्फुसात गेल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

दुसरी गोष्ट आता श्रावण सुरू झाला की दरवर्षी माझ्यासमोर येते. गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या जातात, बहुतेक वेळा कोणत्याही डॉक्टरांना न विचारता, आणि एकीला चालल्या म्हणून जावेने, नणंदेनेही त्याच घ्यायच्या असतात. या गोळ्यांत प्रामुख्याने नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. पाळी पुढे ढकलण्यासाठी ते दिवसातून तीन वेळा घ्यावे लागते आणि त्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. इस्ट्रोजेन रक्ताची गोठण्याची ओढ वाढवते. या धोक्याचा आकार नीट समजून घेतला पाहिजे, कारण भीती घालून कोणाचेच भले होत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार तरुण स्त्रियांमागे वर्षभरात साधारण दोघींना गुठळी होते, आणि त्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही संख्या पाच ते बारा असते. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना काहीही होत नाही. पण जिला आधी कधी गुठळी झाली आहे, जिच्या आईला किंवा बहिणीला झाली आहे, जिचे वजन बरेच जास्त आहे, जिचे नुकतेच बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, तिच्यासाठी हे गणित वेगळे असते, आणि ते औषध दुकानाच्या गल्ल्यावर मांडता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाला पाच मिनिटे भेटून हे विचारावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. पाळीत देवघरात जायचे की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. माझे स्वतःचे मत असे आहे की गौरीला आपल्या लेकीसुनांनी त्यासाठी औषध घ्यावे असे वाटत नसेल.

त्यात ठाण्यातल्या आपल्या घरांना एक जोड असते, ती कोकणच्या प्रवासाची. खोपटच्या स्थानकातून रात्री एसटी सुटते, महामार्गावर वाहनांची रांग लागते, आणि सिंधुदुर्गात पोहोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, मांडीवर मूल झोपलेले असते, पायाशी सामान असते, आणि गुडघे रात्रभर वाकलेलेच राहतात. लांबच्या विमानप्रवासात गुठळी होते असे आपण ऐकतो, पण त्यासाठी विमानच लागते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर, तो विमान, रेल्वे, बस किंवा मोटार यांपैकी कशानेही केलेला असो, गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही साधारण सहा हजारांत एक इतकाच राहतो, पण गोळ्या, वजन, आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढत जातो. १९४० साली लंडनवर बाँबहल्ले होत असताना भुयारी आसऱ्यांत रात्र-रात्र खुर्चीवर बसून काढणाऱ्या लोकांमध्ये फुप्फुसातील गुठळीने अचानक मृत्यू होऊ लागल्याचे कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यकतज्ज्ञाने नोंदवले होते. त्या खुर्च्यांची पुढची दांडी मांड्यांच्या मागच्या बाजूला रुतत असे. बसच्या आसनाची कडा अशी रुतत असेल तर पायाखाली पिशवी ठेवून गुडघे थोडे वर घ्यावेत, तासातासाला घोटे वर-खाली वीस-तीस वेळा हलवावेत, गाडी थांबली की उतरून चार पावले चालावे, आणि पाणी प्यावे. घोटा वर-खाली करण्याचा हा व्यायाम इतका साधा दिसतो की रुग्ण तो मनावर घेत नाहीत, पण सोलिअसमधील रक्त हलवण्यासाठी बसल्या जागी याहून सोपा उपाय नाही.

कोणतेही कारण न सापडता गुठळी झाली, विशेषतः पन्नाशीनंतर, तर डॉक्टर कर्करोगाचा विचार करतात आणि काही तपासण्या सुचवतात. त्या ऐकून घर हादरते. बहुतेकांमध्ये काही निघत नाही, पण काहींमध्ये तो लवकर हाती लागतो.

गुठळीचा तुकडा सुटला की तो मांडीतून ओटीपोटाच्या शिरेत, तिथून पोटातील मोठ्या शिरेत, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून थेट फुप्फुसाच्या रोहिणीत जातो, कारण वाटेत शिरा रुंदच होत जातात आणि पहिले अरुंद वळण फुप्फुसातच येते. लहान तुकडा फुप्फुसाच्या कडेला अडकला तर खोल श्वास घेताना छातीत टोचते, खोकल्यातून थोडे रक्त पडू शकते, हलका ताप येतो, आणि हे सारे न्यूमोनिया किंवा बरगडीचे दुखणे म्हणून खपून जाते. मोठा तुकडा असेल तर अचानक दम लागतो, नाडी धावू लागते, घाम फुटतो, स्वच्छतागृहाकडे जाताना चक्कर येऊन माणूस कोसळतो. फुप्फुसाकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या उजव्या कप्प्यावर एकाएकी ताण येतो आणि तो दमतो. मृत्यू येतो तो प्रामुख्याने याच मार्गाने. शस्त्रक्रिया किंवा प्लास्टरनंतर घरी असलेल्या माणसाला अचानक धाप लागली तर गॅस झाला असेल असे म्हणून सोडा देऊ नये, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रुग्णालयात पोहोचताच पायाची शस्त्रक्रिया कधी झाली हे पहिल्या वाक्यात सांगावे.

तपासण्यांविषयी थोडक्यात सांगते. पायासाठी डॉप्लर सोनोग्राफी पुरते. त्यात तज्ज्ञ शिरेवर यंत्राने हलका दाब देतो, आणि जी शीर दाबाखाली मिटत नाही तिच्यात गुठळी असते. फुप्फुसासाठी रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करतात. रक्तातील डी-डायमर, म्हणजे फायब्रिनचे जाळे विरघळताना सुटणारे तुकडे, मोजण्याची तपासणी उपयोगी आहे, पण ती फक्त संशय कमी असताना आणि उत्तर नकारार्थी आले तर. शस्त्रक्रिया, गरोदरपण, संसर्ग किंवा वाढते वय यांतही डी-डायमर वाढते, त्यामुळे आपणहून प्रयोगशाळेत जाऊन ती करून घेणे आणि वाढलेला आकडा पाहून घाबरणे यात काही अर्थ नाही.

उपचारात दिली जाणारी ‘रक्त पातळ करणारी’ औषधे झालेली गुठळी विरघळवत नाहीत. ती नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि जुनी वाढू देत नाहीत. विरघळवण्याचे काम शरीर हळूहळू स्वतः करते. म्हणून उपचार किमान तीन महिने चालतो आणि कारण न सापडलेल्यांमध्ये कित्येकदा पुढेही. सुरुवातीला पोटाच्या त्वचेखाली हेपॅरिनची इंजेक्शने देतात. गरोदर स्त्रीला तीच पुढे चालू ठेवतात, कारण हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगाट्रॅन या नव्या गोळ्यांना रक्ताची वारंवार तपासणी लागत नाही, पण रिव्हारॉक्साबॅनची गुठळीच्या उपचारातील मोठी मात्रा जेवणाबरोबरच घ्यावी लागते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. उपवासाच्या दिवशी हे आवर्जून लक्षात ठेवावे लागते. जुन्या गोळ्या, म्हणजे वॉरफरिन आणि आपल्याकडे अधिक दिसणारे ॲसेनोकुमारॉल, जीवनसत्त्व ‘के’ची वाट अडवतात, म्हणून त्यांच्याबरोबर रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर ही रक्ततपासणी करून तो आकडा २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. पालक, मेथी, शेपू, चवळई यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते, आणि त्यामुळे घरात पालेभाजीच बंद होते. तसे करण्याची गरज नाही. आठवड्याला जेवढी पालेभाजी खाल्ली जाते तेवढीच साधारण दर आठवड्याला खाल्ली तर डॉक्टर गोळीची मात्रा त्याप्रमाणे बसवतात. गडबड होते ती एका आठवड्यात अजिबात नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज मेथी, असे झाल्यावर. गुडघेदुखीच्या साध्या गोळ्या, काढे आणि चूर्णे यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शौचाला डांबरासारखे काळे झाले, लघवीतून रक्त आले, किंवा डोक्यावर पडणे झाले, तर बाहेरून काही दिसत नसले तरी रुग्णालय गाठावे.

फुप्फुस वाचले म्हणजे सारे संपले, असे मानणाऱ्यांना पायाची पुढची कहाणी कोणी सांगत नाही. गुठळी विरघळताना झडपांना व्रण पडतात, त्या नीट मिटत नाहीत, आणि रक्त घोट्याकडे तुंबू लागते. खोल शिरेत गुठळी झालेल्यांपैकी वीस ते पन्नास टक्के लोकांना पुढे हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो: संध्याकाळपर्यंत पाय शिशासारखा जड होतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी आणि टणक होते, खाज सुटते, आणि एखाद्या ओरखड्यातून न भरणारी जखम तयार होते. ठाण्याच्या बाजारपेठेत दिवसभर उभे राहणारे दुकानदार आणि चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस यांच्या पायांवर अशा जखमा मी पाहिल्या आहेत, आणि त्या वर्षानुवर्षे नुसत्या मलमावर काढलेल्या असतात. घट्ट वैद्यकीय मोजे हा त्रास टाळतातच असे ठामपणे म्हणता येत नाही, पण सूज आणि जडपणा कमी करायला ते मदत करतात. मात्र मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी पायाच्या रोहिण्या तपासल्याशिवाय ते चढवू नयेत, कारण रक्त पोहोचतच नसलेल्या पायाला ते इजा करतात.

गुठळीचे निदान झाले की घरचे रुग्णाला पुन्हा अंथरुणात झोपवतात, हलले तर ती सुटेल या भीतीने. औषध सुरू झाल्यावर, दम किंवा रक्तदाबाची अडचण नसेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालायलाच सांगितले जाते, कारण झोपून राहिल्याने गुठळी सुटणे टळते असे आढळलेले नाही आणि पाय मात्र अधिक सुजतो. नौपाड्यातल्या आजींनी आधी खोलीतल्या खोलीत, मग जिन्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आणि पुढे इमारतीच्या अंगणात चालायला सुरुवात केली. त्यांच्या सुनेला मी डॉप्लरचा पहिला अहवाल वेगळ्या पाकिटात जपून ठेवायला सांगितला आहे. आजींची पुढची कोणतीही शस्त्रक्रिया ठरवताना तो लागेलच, आणि त्यांच्या नातीने, जी आता लग्नाच्या वयाची आहे, कोणतीही संप्रेरकाची गोळी घेण्यापूर्वी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत आजीला अशी गुठळी झाली होती हे डॉक्टरांना सांगायचे आहे.